यान शहापूरला का उतरत नाही?

तर मंडळी, सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा विषय 'स्कोअरिंग नाही' म्हणून शिव्या देत देत पास केला आणि अकरावीला आय.टी. घेऊन त्याच्यापासून कायमची सुटका करून घेतली. त्यानंतर माझं मराठी वाचन म्हणजे एसटीच्या पाट्या आणि मेसच्या भिंतीवरचं 'अन्न वाया घालवू नये'. तेव्हा या विभागात माझं नाव बघून आमच्या वर्गाला जो काही हशा करायचा आहे, तो त्यांनी इथेच उरकून घ्यावा. शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलंय. उरलेल्या चुका तिच्या!

विषय विज्ञानकथांचा. म्हणजे आपण ज्याला साय-फाय म्हणतो ते. इंग्रजीतलं साय-फाय मी बऱ्यापैकी वाचलंय आणि ते ऐकवायची एकही संधी सोडत नाही, हे हॉस्टेलला माहीत आहेच. असिमॉव्हचं 'आय, रोबॉट', क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा', वेल्स तर शाळेतच झाला. मराठीत असलं काही असतं हे मात्र २० मे २०२५ पर्यंत माझ्या गावीही नव्हतं. त्या दिवशी पुण्यात जयंत नारळीकर गेले. रूममेटच्या स्टेटसला फोटो बघून मी विचारलं, "कोण गं हे आजोबा?"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, तसं व्हायवाला एक्स्टर्नलसुद्धा बघत नाहीत.

ही माझी रूममेट मुरबाड तालुक्यातली. टोकावड्याच्या पुढे, माळशेज घाटाच्या बाजूला तिचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यम. वर्गात ती तोंड उघडत नाही, कारण उघडलं तर इंग्रजी बोलावं लागतं. मी मात्र फाडफाड बोलते, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटायचं की हुशार मी आहे. निकाल लागले की गैरसमज दूर होतो. असो. तर तिने ट्रंकेतून एक पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, वरती शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा बक्षिसाचा शिक्का. 'यक्षांची देणगी'. "पेपर झाला की वाच," म्हणाली.

वाचायला घेतलं आणि पहिल्याच ठिकाणी आपटले. 'कृष्णविवर' असं नाव वाचून मला वाटलं श्रीकृष्णाची काहीतरी गोष्ट असेल. दोन पानांनंतर डोक्यात उजेड पडला. अरे, ब्लॅक होल! दोन पानांना अर्धा तास लागला होता हेही सांगून टाकते. मग एका संध्याकाळी लाईट गेली (आपल्याकडे जाते तशीच, पंख्यासकट आणि आशेसकट), तेव्हा रूममेटने मोबाईलच्या टॉर्चवर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शेजारच्या खोलीतल्या दोघी येऊन बसल्या. लाईट आली तरी कोणी उठलं नाही.

ही 'कृष्णविवर' कथा कशी जन्माला आली ते ऐकण्यासारखं आहे. एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना नारळीकरांनी तिथेच बसून ती लिहायला घेतली. (आमच्या शेवटच्या बाकावरच्या मंडळींनी हे वाक्य हायलायटरने रंगवावं. सर, तुम्ही वाचलंच नाहीत असं समजा.) १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली आणि झाले नारायण विनायक जगताप! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. पहिलं बक्षीस आलं. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइलबरोबर काम केलेला, जगभर नाव झालेला माणूस. त्याला आपल्या नावाची चिठ्ठी न लावता मार्क मिळवून बघावेसे वाटले. आपण इथे इंटर्नलच्या पाच मार्कांसाठी सरांच्या केबिनबाहेर किती वेळ उभे राहतो, ते आठवलं.

त्यांची मला सगळ्यात आवडलेली कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे हरलेलेच नाहीत, विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकली आहे, आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी बसली आहे. आता प्राध्यापक काय करतील? तलवार? टाईम मशीन? छे! ते सरळ लायब्ररीत जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडून शोधतात की गाडी नेमकी कुठे रूळ बदलते. हे मला फार म्हणजे फारच आवडलं. हीच कथा 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. माझ्या सीबीएसईवाल्या मावसभावाने ती परीक्षेसाठी पाठ केली होती, आणि मूळ मराठी आहे हे त्याच्याही गावी नव्हतं. पानिपताची गोष्ट आपली, लेखक आपला, आणि आमच्या घरात ती आली इंग्रजीतून, गाईडसकट.

पण नुसती आरती ओवाळायला हा लेख नाही. नारळीकरांच्या कथेतली माणसं बऱ्याचदा माणसं कमी आणि लेक्चर जास्त असतात. एक जण विचारतो, "म्हणजे काय, डॉक्टर?" आणि डॉक्टर दीड पान समजावतात. 'धूमकेतू' घ्या. कथा झकास आहे. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, आणि त्याला अणुस्फोटाने बाजूला ढकलायचं. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने धडक मारली आणि त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३२ मिनिटांनी कमी केली. बॉम्ब नाही, नुसती टक्कर. पण दिशा तीच! हे वाचून अंगावर काटा येतो. मात्र त्याच कथेत नवरा दुर्बिणीला डोळा लावून बसलेला आणि शांतीसाठी यज्ञ करणारी बायको. का हो? यज्ञाचं खातं नेहमी बायकोकडेच का? ज्यांच्या घरी पहिल्या कथेची प्रत गणितज्ञ पत्नीने लिहून काढली, त्यांच्याकडून मला जास्त अपेक्षा होती. रूममेटचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "आमच्याकडे अजून असंच आहे, त्यांनी खरं ते लिहिलं." या मुद्द्यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं होतं.

भांडण मिटलं ते बटाट्यांमुळे. तिच्या पुस्तकाची परतफेड म्हणून मी तिला अँडी वीअरचं 'द मार्शियन' सांगायला घेतलं. रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण, इंग्रजी पुस्तक हातात आणि तोंडाने मराठी. हे पुस्तक ज्या इंजिनियरने वाचलं नसेल त्याने डिग्री परत करावी. वीअरने ते आधी स्वतःच्या वेबसाईटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकलं होतं. मोठ्या प्रकाशकाकडून आलं २०१४ मध्ये आणि सिनेमा २०१५ मध्ये. मंगळावर एकटा राहिलेला माणूस. खायला पुरेसं नाही. मग तो बटाटे लावतो आणि मंगळाच्या मातीत सोबत्यांच्या संडासातली पाकिटं मिसळतो. हे मराठीत कसं सांगायचं म्हणून मी 'ह्यूमन वेस्ट… म्हणजे… ते…' करत अडखळले. ती शांतपणे म्हणाली, "सोनखत."

मला हा शब्दच माहीत नव्हता. 'सोन'खत! वीअरने पानभर समजावलं ते तिच्या भाषेत एका शब्दात आधीच होतं, वर त्याला सोन्याचा मान. मग तिने बटाट्याचे डोळे कसे ठेवून कापायचे, माती कशी भुसभुशीत लागते, पाणी किती, सगळं सांगितलं. वीअरचं बरोबर कुठे आणि नशिबावर कुठे, हेही. मंगळाच्या मातीत परक्लोरेट असतात हे २००८ मध्ये फिनिक्स यानाने दाखवलं होतं, ते कादंबरीने सोयीस्करपणे सोडून दिलंय, हे मी भर घातली. म्हणजे माझंही काहीतरी कामाला आलं. वर्गात गप्प बसणारी ही मुलगी त्या रात्री दोन तास बोलत होती. विषय मंगळ होता आणि भाषा तिची होती, एवढाच काय तो फरक.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला. "यान कायम न्यूयॉर्कलाच का गं उतरतं? नारळीकर सरांनी पुण्या-मुंबईपर्यंत आणलं. शहापूरला कधी उतरणार?"

आम्ही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर मला वेल्सकडे सापडलं. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८ साली पुस्तकरूपात आलं. त्यातले मंगळवासी लंडनवर उतरत नाहीत. ते उतरतात वोकिंग नावाच्या गावाबाहेरच्या एका माळावर. का? कारण वेल्स तेव्हा वोकिंगमध्ये राहात होता! सायकलवर फिरून फिरून कुठली घरं पाडायची, कुठला रस्ता जाळायचा ते त्याने ठरवलं. आज त्या गावात मंगळवासीयांच्या यंत्राचा मोठा पुतळा उभा आहे. लंडनला वोकिंग म्हणजे मुंबईला आपला आसनगाव-शहापूर पट्टा समजा, थोडा जवळचा. म्हणजे यानाला महत्त्वाचं शहर कळत नाही. लिहिणारा जिथे राहतो तिथे ते उतरतं. शहापूरला उतरलं नाही, कारण इथून कोणी बोलावलंच नाही.

आणि बोलवायला शास्त्रज्ञच हवा असंही नाही. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' लिहिणारा लिऊ त्सिशिन चीनच्या शान्शी प्रांतात एका वीजकेंद्रावर कॉम्प्युटर इंजिनियर होता. बीजिंग नाही, शांघाय नाही. नोकरी सांभाळून त्याने ही पुस्तकं लिहिली आणि २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळवला. (पुस्तक जड आहे हं. पहिली शंभर पानं धीर धरा. नेटफ्लिक्सवरची मालिका बघून 'वाचलं' म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, शहापूर-मुरबाडमध्ये विज्ञानकथेसारखं आहेच काय? समृद्धी महामार्गाचा बोगदा? माहुलीचा सुळका? मुरबाडला तर रेल्वेसुद्धा नाही, यान कुठून येणार! मीही असंच म्हणाले होते. त्यावर रूममेटने तिच्या मामाचं गाव सांगितलं. ते आपल्याच तालुक्यात, तानसाच्या पाइपलाइनजवळ. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, सगळं याच बाजूचं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतात. माणसाच्या उंचीचा पाइप, आत पाणी धो धो वाहतंय, आणि त्याच्या शेजारून बाई डोक्यावर हंडा घेऊन चाललीय. हे कोणा परदेशी लेखकाने लिहिलं असतं तर आपण 'काय जबरदस्त डिस्टोपिया' म्हणून एकमेकांना पाठवलं असतं. इथे ते रोज एसटीच्या खिडकीतून दिसतं म्हणून आपण झोपतो. मी तीन वर्षं त्या पाइपला 'लँडमार्क' समजत होते.

विज्ञानकथा म्हणजे माझ्या मते यान, रोबॉट वगैरे नव्हेच. एक बाउंड्री कंडिशन बदलायची आणि मग उत्तर प्रामाणिकपणे शेवटपर्यंत सोडवायचं, मध्येच जादू करायची नाही. हे काम आपल्याइतकं कोणाला जमायला पाहिजे? आम्ही एका रविवारी तेच केलं. कंडिशन अशी, की साल २०६१. (पानिपताला तीनशे वर्षं आणि हॅलेचा धूमकेतूही त्याच वर्षी परत येतोय, दोन्ही नारळीकरांच्या खात्यातले!) मुंबई समुद्राचं पाणी गोडं करून पिते. तिला आता धरणांची गरज नाही. मनोरीला असा प्रकल्प करायची महापालिकेची योजना आहेच, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. मग हिशोब. मुंबईला रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी. म्हणजे ४० लाख घनमीटर. समुद्राच्या पाण्याला घनमीटरमागे साडेतीन युनिट धरा. रोजचे १ कोटी ४० लाख युनिट. चोवीस तासांनी भागलं की सुमारे ५८३ मेगावॉट, रात्रंदिवस. ही वीज येणार कुठून? "परत आमच्याच डोंगरातून," रूममेट म्हणाली. पाणी सुटलं तर वीज आली. कथेला कलाटणी हवी होती, ती हिशोबातूनच निघाली. कॅल्क्युलेटरवर कथा लिहिता येते हे मला त्या दिवशी कळलं.

पण तिची खरी कथा त्या आकड्यांत नाहीच. तिच्या कथेत गावाला शेवटी नळ येतो, चोवीस तास. आणि एक आजी तरी रोज पहाटे हंडा घेऊन टँकर थांबायच्या जागी जाऊन उभी राहते. नातीने समजावलं, सरपंचाने समजावलं. आजी जातेच. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, कारण कथा अजून पूर्ण झालेली नाही आणि लेखिका हे वाचतेय. पण मी वाचलेल्या कुठल्याही इंग्रजी पुस्तकात अशी आजी नव्हती, एवढं नक्की.

तेव्हा माझं स्पष्ट मत. आपल्या लायब्ररीत मराठीचं कपाट आहे आणि त्याला कुलूप आहे. किल्ली लायब्ररीतल्या काकांकडे असते आणि मागितली की ते आनंदाने उघडतात. तीन वर्षांत मागायला आलेली मी चौथी, असं तेच म्हणाले. दोष कुलपाचा नाही. आपण ठरवून टाकलंय की सायन्स इंग्रजीत आणि मराठी गॅदरिंगच्या लावणीत. यात माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचं नुकसान आहेच, पण जास्त नुकसान त्यांचं आहे जे मराठीत विचार करतात आणि इंग्रजी येत नाही म्हणून स्वतःला ढ समजून गप्प बसतात. सर-मॅडमना एक विनंती, सेमिनारचा एखादा तास मराठीत बोलू द्या. विषय कुठलाही. मग बघा शेवटच्या बाकावरून कोण कोण उठतं.

वाचायचं काय, तर नारळीकरांपासून सुरू करा, पण तिथे थांबू नका. सुबोध जावडेकर स्वतः पवईच्या आयआयटीचे केमिकल इंजिनियर. त्यांचं 'गुगली' वाचा. त्यांची माणसं नारळीकरांच्या माणसांपेक्षा जास्त घामाघूम होतात. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाईन' ही कथा चुकवू नका. ज्यांना माझ्यासारखं जोडाक्षरांचं वावडं आहे त्यांनी बाळ फोंडक्यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमारो' हा नॅशनल बुक ट्रस्टचा १९९३ चा संग्रह घ्यावा. मराठीबरोबर बंगाली, तमिळ वगैरे कथाही इंग्रजीत मिळतील, आणि मग लाज वाटून तुम्ही मूळ मराठीकडे याल. नारायण धारप रात्री एकट्याने वाचू नका, आमच्या मजल्यावर दोन बल्ब गेलेत. आणि 'वामन परत न आला' ही नारळीकरांची १९८६ ची कादंबरी सबमिशनच्या आठवड्यात वाचा. जमिनीखाली सापडलेल्या एका जुन्या संस्कृतीच्या ज्ञानावरून माणसं यंत्रमानव बनवतात. तो त्यांच्यापेक्षा हुशार निघतो आणि त्याला स्वतःसारखे आणखी हवे असतात. वर्गातली निम्मी असाइनमेंट्स सध्या कोण लिहितं हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा जास्त बोलत नाही.

यातली सहा पुस्तकं आमच्या खोलीत आहेत. दुसरा मजला, पाण्याच्या कूलरशेजारी. मुलांनी रेक्टर मॅडममार्फत निरोप द्यावा. पान दुमडायचं नाही, मेसची आमटी सांडायची नाही, आणि परत देताना काय आवडलं नाही ते सांगायचं. 'यक्षांची देणगी'ला मात्र वेटिंग आहे. ती सध्या मेसच्या काकूंच्या मुलाकडे आहे, तो आठवीत आहे आणि त्याने दोनदा मुदत वाढवून घेतलीय.